एकाच गिऱ्हाइकाच्या तीन-तीन नोंदी: काढल्या तरी परत का येतात?

तक्रार अशी असते. दुकानातल्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग एक दिवस कळतं की एकच बाई यादीत तीनदा बसली आहे: एकदा ‘सौ. सावंत’, एकदा ‘प्रिया सावंत’ आणि एकदा ‘सावंत वहिनी, ठाकूरद्वार’. तिचं नवं माप एकीच्या नावावर, उधारी दुसरीच्या, फोन तिसरीच्या. तुम्ही एक रविवार खर्ची घालता आणि तांदूळ निवडावेत तशी यादी निवडता. महिन्याभरात खडे परत हजर.

आमचं शिवणकामाचं दुकान गिरगावात, एका वाडीच्या तोंडाशी. आजोबांनी काढलं, आता कटिंग बाबा बघतात आणि मी नोकरी सांभाळून हिशेब आणि कॉम्प्युटर. अकरा मापवह्या आणि एका पिशवीत सुटे कागद, एवढा आमचा डेटा. हे दुखणं जायला मला तीन साफसफाया लागल्या आणि त्यातल्या दोन फुकट गेल्या. नंतर ओळखीच्या एका चष्म्याच्या दुकानात आणि एका मिक्सर-दुरुस्तीच्या गाळ्यातही हेच जसंच्या तसं पाहिलं, म्हणून लिहितेय. उदाहरणं शिवणकामाची आहेत. तुम्ही मापाच्या जागी चष्म्याचा नंबर घाला नाहीतर मशीनचं मॉडेल, बाकी फार बदलावं लागणार नाही.

आधी एक: ते बटण दाबू नका

एक्सेलमध्ये ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ नावाचं बटण आहे. नाव वाचून वाटतं, हेच तर औषध. मी मोबाइल नंबरचा रकाना निवडला आणि दाबलं. इतक्या ओळी काढल्या, इतक्या उरल्या, असा निरोप आला आणि मला फार हलकं वाटलं. ते बटण जुळणाऱ्या ओळींतली पहिली ठेवतं आणि बाकीच्या उडवतं. कोणती ओळ खरी, कोणत्या ओळीत ताजं माप, हे त्याला कुठून कळणार? आमच्याकडे एका घरातल्या आई, दोन मुली आणि सून अशा चौघी एकाच मोबाइल नंबरावर होत्या. चौघींतली आई तेवढी उरली. धाकटी मुलगी शिवलेली नऊवारी टाकायला आली तेव्हा तिचा यादीत पत्ताच नव्हता. फाइल बंद केली की ‘अनडू’ही चालत नाही. नशीब, आदल्या आठवड्यात मी ती फाइल सहज म्हणून स्वतःलाच ईमेल केली होती.

तेव्हा मूळ फाइलची प्रत काढा, तिच्या नावात तारीख घाला, ती बाजूला ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. शिवाय पहिल्या रकान्यात १, २, ३ असा साधा अनुक्रमांक घालून घ्या, कोणताही रकाना ‘सॉर्ट’ करायच्या आधी. हे आत्ता क्षुल्लक वाटेल. माझं पुढचं सगळं काम या एका रकान्यावर तरलं. आणि ओळ पुसायची नाही. पुसण्याऐवजी काय करायचं ते खाली येतंच आहे.

नोंद जन्मली कधी?

दुबार नोंदी दोन जातींच्या असतात. एक जात वह्या टाइप करताना जन्मते, दुसरी रोजच्या धंद्यात, काउंटरवर. दिसायला दोन्ही सारख्या, पण औषध वेगळं. ओळखायचं कसं? प्रत्येक ओळीसमोर ती नोंद कोणत्या दिवशी झाली याची तारीख हवी. ती नसेल तर आजपासून ठेवायला लागा, आणि महिन्याभराने दुबार नोंदींच्या तारखा बघा.

मी बघितल्या तेव्हा पहिल्या साफसफाईनंतर उगवलेल्या जवळजवळ सगळ्या दुबार नोंदी ताज्या होत्या, आणि बऱ्याचशा शनिवारच्या. म्हणजे टाइप करणाऱ्याला मी उगाच शिव्या घालत होते. पिंपाला खाली भोक पडलेलं आणि मी पहाटे उठून नळावर नंबर लावतेय, असला प्रकार.

तरी पहिल्या जातीचा निकाल आधी लावा. ते काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं आहे.

डोळ्याला एक, मशीनला दोन

वहीत फोन नंबर कधी मराठी आकड्यांत, कधी इंग्रजी आकड्यांत, आणि आजोबांच्या हातचे तर एकाच नंबरात दोन्ही. टाइप करणारा दिसेल तसं उतरवतो. मराठी नऊ आणि इंग्रजी नऊ ही मशीनच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाने शोधलं तर दुसरं सापडणार नाही. दहा वेळा ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालवा आणि सगळे आकडे एका जातीचे करून टाका. वाचतानाची गफलत मात्र अशी सुटत नाही: मराठी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि हातचा मराठी ४ घाईत इंग्रजी आठ वाटतो. एक आकडा सोडून बाकीचे सगळे जुळणारे नंबर दिसले की आधी या दोन जोड्यांवर संशय घ्या.

फोनचा रकाना टाइप करण्याआधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर एक्सेल त्याला संख्या समजतं, पुढचा शून्य खातं आणि ०२२ चं २२ होतं. रकान्यात काही नंबर डावीकडे चिकटलेले आणि काही उजवीकडे दिसले तर समजा, अर्धे अक्षरं म्हणून बसलेत आणि अर्धे संख्या म्हणून. जुळवणीसाठी शेजारी एक वेगळा रकाना करा आणि त्यात मोबाइलचे फक्त शेवटचे दहा आकडे घ्या; अधिक ९१, शून्य, मधल्या रेघा सगळं गळून जातं. लँडलाइनचे शेवटचे सात घ्या. गिरगावातले जुने नंबर ३८५ वगैरेंनी सुरू होणारे सात आकडी होते, पुढे त्यांच्या आधी २ लागून ते आठ आकडी झाले. शेवटचे सात दोन्हीकडे तेच राहतात.

नावांत सगळ्यात जास्त छळलं ते गोऱ्हे आणि कऱ्हाडकरांनी. त्यांनी म्हणजे त्यांच्यातल्या अर्ध्या ‘र’ने. हा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोबाइल आज मराठी अक्षरं ज्या कोडांनी साठवतात त्यात, दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक रस्ता खाली टिंब असलेल्या ऱ चा, दुसरा साधा र, पाय मोडून, पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे. पण ‘लेन’ हे अक्षरं मोजणारं सूत्र लावलं तर ‘गोऱ्हे’ची लांबी पहिल्या रस्त्याने ६ येते आणि दुसऱ्याने ७. एसक्यूलाइटसारखा डेटाबेस आतले कोड जुळवतो, दिसणं नाही, त्यामुळे त्याच्या मते ही दोन वेगळी आडनावं. मोबाइलवरून टाइप केलेलं आणि कॉम्प्युटरवरून टाइप केलेलं एकत्र झालं की हे हमखास होतं. एकच रूप ठरवा आणि दुसरं बदलून टाका.

जादा मोकळ्या जागा ‘ट्रिम’ या सूत्राने जातात, पण इंटरनेटवरून कॉपी करून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी एक वेगळ्या जातीची, न तुटणारी मोकळी जागा येते आणि ती ट्रिमला दाद देत नाही. तीच जागा कॉपी करून ‘फाइंड’मध्ये चिकटवा आणि साध्या जागेने बदला.

नावं इंग्रजीत ठेवली असतील तर सावंत डब्ल्यूने की व्हीने, दीक्षित एक्सने की केएसएचने, हा रोजचा झगडा. आम्ही नावं मराठीतच ठेवली आणि शेजारी ‘शोधनाव’ असा रकाना केला. त्यात सौ., श्री., कु., डॉ. काढून टाकलेलं आणि ऱ्हस्व-दीर्घ सपाट केलेलं नाव असतं. मूळ नावाला हात लावत नाही. पावतीवर आपलं नाव चुकलं की माणसाला राग येतो, आणि तो रास्त आहे.

तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एखादी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तिच्यावर यातलं काहीच चालणार नाही. ते आतून मराठी नसतंच, रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला असतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पुढचं.

पत्त्यावरून माणूस जुळवायला जाऊ नका. निदान मुंबईत तरी नाही. आमच्या पहिल्या तीन वह्यांत पत्त्याखाली ‘मुंबई ४’ एवढंच आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला आणि मुंबई ४ चं ४००००४ झालं, पण लोकांच्या हाताला जुनंच वळण होतं. कुणी लॅमिंग्टन रोड लिहितं, कुणी डॉ. भडकमकर मार्ग. कुणी गिरगाव रोड, कुणी जगन्नाथ शंकरशेट मार्ग. चाळ पाडून टॉवर झाला की इमारतीचं नावही बदलतं. आणि मुख्य म्हणजे माणसं इथे राहिलीच कुठे? डोंबिवली, बोरिवली, वसई. लग्नाचे ब्लाउज शिवायला मात्र गाडी पकडून इथेच येतात. पत्ता ठेवा, पण ओळख पटवायला वापरू नका.

दंड आणि तारखा

हे दुबार नोंदींचं कारण नाही, पण त्या एकत्र करताना आडवं येतं, म्हणून इथेच सांगते.

आजोबा-बाबांच्या पिढीतले मास्टर अपूर्णांक दंडांनी लिहितात. १३। म्हणजे सव्वातेरा, १३॥ म्हणजे साडेतेरा, १३॥। म्हणजे पावणेचौदा. आमच्या टाइप करणाऱ्या मुलाने हे कधी बघितलेलंच नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे १३१, १३११ आणि १३१११ असं उतरवलं. ब्लाउजची उंची तेराशे अकरा इंच! हसू आलं तरी ही चूक परवडली, कारण ती लपत नाही. प्रत्येक मापाला ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये खालची-वरची मर्यादा घाला. छाती २० ते ६० च्या बाहेर गेली की अडवायचं, मुंढा, गळा, बाही यांना त्यांच्या मानाने. असल्या सगळ्या नोंदी पाच मिनिटांत उघड्या पडतात. घातक चूक दुसरीच. जिथे दंड पुसट होता तिथे त्याने नुसतं १३ लिहिलं. तेरा हे अगदी बरोबर माप दिसतं. ब्लाउज अर्धा इंच आखूड होतो तेव्हा कळतं. यावर वहीच्या पानाचा फोटो नोंदीला जोडून ठेवणं हाच उपाय मला सापडला. कापडाला कात्री लावण्याआधी बाबा फोटो बघतात, आकडा नाही.

तारखांचं असं की कॉम्प्युटरची भाषा-सेटिंग अमेरिकन असेल तर ४/७ ही ४ जुलै न राहता ७ एप्रिल होते. १३/७ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख तारीख न बनता नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. म्हणजे निम्म्या तारखा उलट्या आणि निम्म्या मुक्या. मग ‘सर्वांत ताजं माप दाखव’ म्हटलं की बाळंतपणाआधीचं माप वर येतं. सेटिंग भारताची करा आणि फाइल नव्याने आणा. आणलेल्या तारखा हाताने सुधारत बसू नका, कुठल्या सुधारल्या आणि कुठल्या मुळातच बरोबर होत्या याचा थांग लागत नाही.

शनिवारी काउंटरवर

आता खरी गोष्ट. दुसऱ्या साफसफाईनंतरही नोंदी फुटायला लागल्या तेव्हा मी एका शनिवारी सकाळपासून दुकानात स्टूल टाकून बसले. गुढीपाडवा दहा दिवसांवर होता. गिरगावच्या शोभायात्रेमुळे पाडव्याआधी आमच्याकडे नऊवारीची झुंबड असते. काउंटरवर मावशी. समोर पाच बायका, दोघींच्या कडेवर मुलं, बाहेर टॅक्सी उभी.

एकीने आडनाव सांगितलं. सावंत. मावशींनी टाइप केलं. पडद्यावर एकेचाळीस सावंत.

“कुठल्या सावंत?”

“अहो मावशी, मी नेहमीची. विसरलात का?”

मावशींनी यादी थोडी खाली ओढली, वर ओढली, आणि ‘नवीन गिऱ्हाईक’ दाबलं. माझ्यासमोर. मी काही बोलायच्या आत माप लिहायला घेतलंसुद्धा. त्यांची काय चूक? शोधायला दोन मिनिटं, नवीन नोंदीला वीस सेकंद, आणि समोर ओळखीची बाई ‘विसरलात का’ म्हणतेय. मीही तेच केलं असतं.

तेवढ्यात बाबांनी आतून कटिंग टेबलावरून मान वर केली, बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, “सात, एकशे बारा.”

म्हणजे सात नंबरची वही, एकशे बारावं पान.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पावतीच्या उजव्या कोपऱ्यात, बाबांच्या बारीक अक्षरात: ७/११२, ४/३०, ९/२०१. मी विचारलं, हे काय?

“अगं, पान नंबर. आजोबांपासूनचं आहे. बाईचं लग्न झालं की नाव बदलतं, घर बदलतं, फोन तर काय रोज बदलतात. पान बदलत नाही. पान भरलं की नवीन वहीत जातो, पण तिथे जुनं पान लिहून ठेवतो.”

मग मला आठवलं. टाइप करणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “ताई, हे वर कोपऱ्यात आकडे आहेत ते कुठे भरू?” आणि मी म्हटलं होतं, “ते सोड, ते वहीचे आहेत.”

सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला न बदलणारा नंबर द्यायचा आणि बाकी सगळं, माप असो की बिल, त्या नंबराला बांधायचं, हे डेटाबेसचं मूळ तत्त्व. माहिती साध्या तक्त्यांत ठेवून तक्ते अशा खुणांनी जोडायचे, ही मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आमच्या मापवहीत आणि बिलबुकात ती लाल पेनाने होतीच. मी ती बाहेर ठेवली आणि तिच्या जागी नाव आणि फोन बसवले, जे दोन्ही बदलतात आणि दोन्ही घरात वाटून घेतले जातात.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. कार्डाचा नंबर, खात्याचं पान, डब्यावरची खूण. कॉम्प्युटरवर काय चढवायचं हे ठरवण्याआधी दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाला एवढंच विचारा: तुम्ही कागद शोधता कसा?

दुरुस्ती

पान नंबर परत कसे आणले? मुलाने पानांच्या क्रमाने टाइप केलं होतं, आणि पहिल्या फाइलला मी अनुक्रमांक घालून ठेवला होता. वह्यांच्या पानांचे फोटो काढले, फोटो आणि अनुक्रमांक शेजारी ठेवून पान नंबर भरत गेले. अकरा वह्यांना सहा रविवार लागले. ती फाइल अनुक्रमांकाशिवाय एकदा जरी आडनावाने लावली असती तर क्रम मोडला असता आणि मला वह्या पहिल्यापासून वाचाव्या लागल्या असत्या.

पान नंबर हा एकच रकाना ‘युनिक’, म्हणजे दोनदा येऊच शकत नाही असा. नाव नाही, फोन तर अजिबात नाही. फोन युनिक केलात की सासू-सुनेतली एक बाहेर पडते, किंवा काउंटरवरचा माणूस युक्ती म्हणून खोटा नंबर टाकायला शिकतो. कॉम्प्युटर आल्यानंतरच्या गिऱ्हाइकांना आम्ही १२/१, १२/२ असे नंबर दिले. बारावी वही कागदाची नाहीच, पण बाबांना ती आहे असं वाटतं आणि माझी काही हरकत नाही.

बाकी मांडणी साधी ठेवली: माणूस एका तक्त्यात, फोन दुसऱ्या (एका फोनला कितीही माणसं, एका माणसाला कितीही फोन), मापं तिसऱ्या आणि पावत्या चौथ्या. माप कधी बदलायचं नाही, नवीन तारखेची नवी ओळ टाकायची. माणसाच्या तक्त्यात ‘आधीचं नाव’ असा रकाना आहे आणि एक ‘खूण’ नावाचा. वहीत बाबांनी ‘बँकेतल्या मॅडम’, ‘उंच, गोरेगावची मावशी’, ‘घाई करते’ असलं काय काय लिहून ठेवलंय. पहिल्या वेळी मी ते गाळलं होतं. आता शोध खुणेतही चालतो आणि ‘बँकेतल्या मॅडम’ टाइप केलं की त्या येतात. ‘घाई करते’ मात्र पावतीवर छापलं जाणार नाही एवढं बघा. एकदा छापलं गेलं होतं.

काउंटरचा पडदा उलटा केला. आधी उघडल्यावर रिकामा फॉर्म यायचा. आता फक्त एक चौकोन येतो: पान नंबर, फोनचे शेवटचे चार आकडे किंवा खूण. ‘नवीन’ बटण शोध घेतल्याशिवाय चालूच होत नाही. चार आकड्यांच्या दहा हजार जोड्या होतात, त्यामुळे काही हजार गिऱ्हाइकांत समोर सहसा एक-दोन घरंच येतात. एकेचाळीस सावंत कधीच नाहीत. पावतीवर पान नंबर ठळक छापतो आणि मावशी सांगतात, “याचा फोटो काढून ठेवा.” काही जणींनी आमचा नंबरच ‘टेलर ७/११२’ असा सेव्ह केलाय.

आणि गर्दीचं काय? बटण अडवलं तर मावशी वैतागणार, वैतागल्या की वहीत लिहिणार. म्हणून एक पळवाट मुद्दाम ठेवली: ‘कच्ची नोंद’. जशी ट्रायलआधी कच्ची शिलाई घालतो तशी. नाव, फोन, माप, बस्स. ती मुख्य यादीत जात नाही, वेगळ्या तक्त्यात पडते. रात्री शटर ओढल्यावर बाबा आणि मी त्या दहा-बारा नोंदी बघतो, जुन्या पानाला जोडतो किंवा नवं पान देतो. सणाच्या आदल्या आठवड्यात तीस-चाळीसही होतात. ज्या रात्री कंटाळा केला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ गेला, हेही अनुभवाने.

आधीच्या दुबार नोंदी जोडताना

मशीनला फक्त संशयित जोड्या काढायला सांगा: शोधनाव सारखं, किंवा फोनचे शेवटचे आकडे सारखे. निर्णय माणसाचा. आमच्याकडे आई-मुलीच्या जोड्या सगळ्यात कठीण. आडनाव एक, फोन एक, कधी वहीत नुसतं ‘सौ. वैद्य’ आणि ‘वैद्य’. मी नावं वाचत होते, बाबा डोळे मिटून ऐकत होते. एका जोडीला म्हणाले, “शोल्डर सांग.”

“एकीचा चौदा, एकीचा साडेबारा.”

“दोन बायका आहेत.”

छाती-कंबर वर्षावर्षाला बदलते, म्हणून मी ती सोडून दिली होती. शोल्डर हाडाचा. वयात आल्यावर तो पाव-अर्ध्या इंचापलीकडे हलत नाही, असं बाबांचं म्हणणं. त्या दिवसापासून संशयित जोड्यांच्या यादीत शोल्डरचा फरक हा रकाना घातला आणि निम्म्या जोड्या बाबांना न विचारता सुटल्या. चष्मेवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे दोन बुबुळांमधलं अंतर. नंबर बदलतो, ते मोठ्या माणसात बदलत नाही. प्रत्येक धंद्यात असं एक हाड असतं बहुतेक. मिक्सरवाल्याकडे मशीनचा सीरियल नंबर, पण तो खरडून गेलेला असतो म्हणे.

दोन नोंदी एकाच्या निघाल्या तर दुसरी पुसत नाही. तिच्यात ‘मूळ पान’ या रकान्यात पहिलीचा नंबर लिहितो आणि तिची मापं, पावत्या तिकडे वळवतो. जुना नंबर शोधला तरी माणूस योग्य ठिकाणी पोहोचतो. आणि जोडणी चुकीची निघाली तर सोडवता येते, कच्ची शिलाई उसवावी तशी.

दुमडलेली पानं

एक चूक उशिरा कळली. दिवाळीला आम्ही यादीतल्या सगळ्यांना शुभेच्छांचा मेसेज पाठवला. संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. आई जाऊन चार वर्षं झाली, तिचा फोन अजून त्याच्याकडे असतो. तो रागावला नव्हता, उलट बराच वेळ बोलला. पण फोन ठेवल्यावर बाबा उठले, पाच नंबरची वही काढली आणि ते पान दाखवलं. वरचा कोपरा आत दुमडलेला.

कुणी गेलं की बाबा पानावर काही लिहीत नाहीत. कोपरा दुमडतात. टाइप करताना मुलाने पानं सरळ केली होती, फोटो काढताना मीही हाताने दाबून सपाट केली. अकराही वह्या परत चाळल्या. काही घड्या पूर्ण उलगडल्या होत्या, पण कागदावर रेघ राहते; पान तिरपं धरलं की दिसते.

आता माणसाच्या तक्त्यात ‘मेसेज पाठवायचा’ असा होय-नाहीचा रकाना आहे. ज्यांनी सांगितलंय त्यांचाच होय, बाकी सगळे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही मुख्यतः संमतीवर उभा आहे, आणि बायकांची मापं म्हणजे काही साधी यादी नव्हे. तुमची शीट ‘लिंक असेल त्या कुणालाही दिसेल’ अशी उघडी असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं ते बंद करा. दुसरा रकाना आहे ‘घडी’. त्यात होय असलं की काउंटरच्या शोधात नाव येत नाही, पण मापं तशीच राहतात. मुली येतात कधीकधी आईच्या मापाचा ब्लाउज मागायला.

पिशवीतले सुटे कागद अजून व्हायचेत. त्यांच्यावर पान नंबर नाहीत.